तथापि

सुदामा नगरात आमच्या सोसायटीच्या फळ्यावर
नव्या सचिवांची नोटीस लागली:
'राखीव निधीतून, केवळ या वर्षापुरते,
फाटक रंगविण्यासाठी...'
पुढचं मी वाचलंच नाही.
केवळ या वर्षापुरते.
हे शब्द मी अकरा वर्षं वाचत होतो
दर हिवाळ्यात, जाड सरकारी कागदावर,
अर्थसंकल्पाच्या तोंडावर.
नोटिशीच्या कोपऱ्यात इंग्रजीत आद्याक्षरं.
झेडच्या पोटात तीच आडवी रेघ.

तो दिल्लीत, मंत्रालयाच्या लाल दगडांत.
मी मुंबईत, बँकेच्या अठराव्या मजल्यावर.
तो मागणी लिहायचा, वरचे सही करायचे.
मी उत्तर लिहायचो, वरचे सही करायचे.
दुसऱ्या दिवशी पेपरात यायचं:
कोणतेही मतभेद नाहीत.

पत्रं इंग्रजीत. राग मात्र मराठीत यायचा.
'लेको, आत्ता दर उतरवले
तर जूनमध्ये डाळ कोण आवरणार, तुझे काका?'
असं पुटपुटत मी टंकायचो:
आपल्या सूचनेचा आदरपूर्वक विचार केला आहे. तथापि,
त्या एका शब्दावर अख्खी दुपार जायची.
त्याच्यापुढचा स्वल्पविराम
साहेब स्वतः चष्मा काढून तपासायचे.

एका नोव्हेंबरात त्याच्या पत्रात
कायद्यातल्या एका कलमाचा आकडा आला.
बँकेशी सल्लामसलत करून
लोकहितार्थ आदेश देता येतो, ते कलम.
आदेश नव्हता. नुसता आकडा,
जसं गोड बोलता बोलता कुणी
कोपऱ्यातल्या काठीकडे बघावं.
बाकी पत्र साखरेचं.
त्या रात्री आमच्या मजल्यावरून कुणी घरी गेलं नाही.
मी सात मसुदे फाडले.
सकाळी चार ओळी गेल्या. दर जागचे हलले नाहीत.
साहेबांना मुदतवाढ मिळाली नाही.
निरोपाचं भाषण मीच लिहिलं,
त्यातला तो शब्द
त्यांनी स्वतःच्या हाताने खोडला.

तर सोसायटीचा खजिनदार मी.
पेन्सिल काढली, नोटिशीखाली लिहिलं:
तथापि,
स्वल्पविरामासकट.

संध्याकाळी बेल वाजली.
दारात एक किडकिडीत म्हातारा,
लेंग्यावर मरून स्वेटर, हातात सेंवेची पिशवी.
'अठरावा मजला?' त्याने विचारलं.
मी म्हटलं, 'या, झोकरकर.'
आडनाव मला फळ्यावरूनच कळलं होतं.
अकरा वर्षांत ते कधी
पुरतं लिहिलेलं पाहिलं नव्हतं.

रात्री सराफ्यात गेलो.
दिवसा जिथे काट्यावर गुंजा मोजतात
त्याच ओट्यांखाली कढया तापलेल्या.
गराडूवाल्याच्या पाटीवर चाळीस खोडून पन्नास,
रंग अजून ओला.
झोकरकर म्हणाले, 'ही तुमची कृपा.'
मी म्हटलं, 'तुमची. तूट कुणाची होती?'
'आणि व्याज कुणाचं?'
गराडूवाला झारा आपटत म्हणाला,
'भिया, तेल मेंगा हो गिया, बस.
दोनों जने थोड़ा सरको, पीछे लाइन लगी हे.'

सरकलो.
द्रोणात वरून मसाला, लिंबू.
खाता खाता झोकरकर म्हणाले,
'तो आकडा मी घातला नव्हता.
तीनदा काढला. तीनदा वरून परत आला.
चौथ्यांदा मी सुटीवर गेलो.'
मी काहीच बोललो नाही.
एकमेकांच्या इतक्या ओळी तोंडपाठ,
आणि ही एक
कुठल्याच फायलीत नव्हती.
तिखट लागलं म्हणून त्यांनी डोळे पुसले,
किंवा तसं म्हणाले.

पन्नासाची नोट त्यांनी काढली, मीही काढली.
गराडूवाल्याने दोन्ही घेतल्या.

फाटक अजून गंजलेलंच आहे.
रविवारी बैठक.
ते सुधारित मसुदा आणतो म्हणाले.
मी म्हटलं, आणा.
घरी आल्यावर पेन्सिलीला टोक केलं.